सिपाही स्नॅफू आणि आमचा ढिल्लूराम

मी महूहून बोलतोय. आज पंखा बंद ठेवलाय, कारण मागच्या भागात माझ्यापेक्षा त्याचाच आवाज जास्त आला, अशी तक्रार होती. घाम पुसताना दिसलो तर समजून घ्या.

बडोद्याच्या एका आजींचं पत्र आलंय. त्यांचा नातू रात्री मोबाइलवर कार्टून बघतो. कार्टूनच तर आहे, म्हणून त्यांनी आधी लक्ष दिलं नाही. मग एकदा शेजारी बसून ऐकलं आणि उठून देवघरात गेल्या. त्या विचारतात, ही मोठ्यांची कार्टून आली कुठून, आणि पोरांवर त्यांचा परिणाम होतो का?

आजी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. दुसऱ्याचंही थोडंफार देता येईल, पण ते देताना मला माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल. ती शेवटी सांगतो. आधी इतिहास.

या मे महिन्यात माझा नातू बंगळूरहून सुट्टीला आला होता. तेरा वर्षांचा आहे. आमच्याकडे दूध घेऊन येणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, बोलताना अडखळतो. एका सकाळी दारात तो 'क-क-कर्नल साब' म्हणाला, आणि माझ्या पाठीमागून, अगदी त्याच सुरात, 'क-क-कर्नल साब' असा दुसरा आवाज आला. दूधवाला मुलगा हसला. म्हणजे दात दिसले. मी मागे वळेपर्यंत नातू आत पळाला होता. मी रागाने मोबाइल हिसकावून घेतला, तर त्यावर 'साउथ पार्क' चालू होतं. आजी, तुमच्या नातवाचंही बहुधा तेच असेल.

आता तुम्हाला १९४३ सालात नेतो.

अमेरिका युद्धात उतरून वर्ष झालं होतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांनी सक्तीच्या भरतीचं वय खाली, १८ वर आणलं. लाखो पोरं गणवेशात आली. कुणी शेतावरून, कुणी कारखान्यातून. बऱ्याच जणांना धड वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं, ते लष्कराची पुस्तिका डोक्याखाली उशी म्हणून वापरत. मी फौजेत तीस वर्षं काढली आहेत. पुस्तिकेचा तो उपयोग सर्व सैन्यांत सारखाच असावा. पण या पोरांना शिकवायचं तर होतं. गुपित बोलू नका, मच्छरदाणी लावा, गॅस मास्क फेकू नका, रायफल पुसा, अफवा पसरवू नका.

त्यांच्या सिग्नल कोअरमध्ये तेव्हा फ्रँक काप्रा नावाचा अधिकारी होता. हा हॉलिवूडचा नावाजलेला दिग्दर्शक, ऑस्कर मिळवलेला. मी स्वतः सिग्नल्सचा, त्यामुळे ही गोष्ट सांगताना माझी छाती दोन इंच फुगते, ते सोडून द्या. काप्राच्या हाताखाली थिओडोर गायझेल नावाचा कॅप्टन आला. तुमची नातवंडं त्याला डॉक्टर स्यूस म्हणून ओळखतात. मांजराने टोपी घातलेली ती मुलांची पुस्तकं याचीच. या लोकांनी ठरवलं की जवानांना शिकवायला एक मूर्ख जवान तयार करायचा. त्याचं नाव प्रायव्हेट स्नॅफू. प्रायव्हेट म्हणजे आपला साधा सिपाही.

'स्नॅफू' ही त्या काळच्या जवानांची बोली. पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, अर्थ असा की परिस्थिती नेहमीसारखीच आहे, म्हणजे सगळा बट्ट्याबोळ. त्यातला चौथा शब्द मी इथे उच्चारणार नाही, घरात बायको ऐकते आहे. पहिल्याच कार्टूनमध्ये निवेदक त्या शब्दाशी येऊन थबकतो आणि मग सभ्य शब्द घालतो. समोर बसलेल्या हजारो पोरांना खरा शब्द माहीत असतोच. हास्याचा पहिला स्फोट तिथेच.

काम कोणाला द्यायचं यावर घासाघीस झाली. डिस्नेकडेही विचारणा झाली होती, पण वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टून बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंगरने बरंच कमी पैशात देऊ केलं आणि काम त्याच्याकडे गेलं. त्याच्याकडे चक जोन्स, फ्रिझ फ्रेलेंग, फ्रँक टॅशलिन अशी माणसं होती आणि आवाजासाठी मेल ब्लँक. बग्ज बनी हा ससा ज्या आवाजात बोलतो, तोच आवाज स्नॅफूचा. चार-चार मिनिटांचे हे तुकडे 'आर्मी-नेव्ही स्क्रीन मॅगझिन' या बातमीपटाबरोबर छावण्यांमध्ये दाखवले जायचे. फक्त फौजेसाठी, बाहेर नाही. त्यामुळे हॉलिवूडची जी सेन्सॉर संहिता होती ती यांना लागू नव्हती. शिव्यांना हात लावून परत येणारे विनोद, कमी कपड्यांतल्या बायका, सगळं चालायचं. मोठ्यांसाठीचं विनोदी कार्टून, सरकारी खर्चाने, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांसाठी. आजी, म्हणून म्हटलं, तुमच्या नातवाच्या मोबाइलवर जे आहे त्याचा एक मोठा झरा फौजेतून निघालाय.

'स्पाइज' नावाचा भाग घ्या. स्नॅफूला एक गुपित कळलंय, त्याचं जहाज कधी आणि कुठे निघणार ते. मेंदूला कुलूप लावलंय, साखळी लावलीय. मग तो आईला फोन करतो, थोडं सांडतं. दारूच्या गुत्त्यात बसतो, कुलूप ढिलं होतं. एका बाईला सगळं सांगून टाकतो, ती निघते शत्रूची हेर. जहाजावर पाणबुड्या तुटून पडतात आणि स्नॅफू थेट नरकातल्या कढईत. तिथेही विचारतो की माझं गुपित फोडलं कोणी? त्याला आरसा दाखवतात. सगळं संभाषण यमकात आहे, गायझेलच्या हातचं.

आणखी एका भागात तो कुरकुर करतो की मला हे सैन्य चालवायला द्या. एक परी प्रकट होते. परी म्हणजे कशी? तोंडात सिगार, दाढीचे खुंट, खाली चड्डी, पाठीला पंख. हुद्दा 'टेक्निकल फेअरी, फर्स्ट क्लास'. ती त्याला सैन्य चालवायला देते आणि सैन्याची धूळधाण होते. जवानाची कुरकुर मान्य करून, तिला पडद्यावर जागा देऊन, मग तिची हवा काढणं. हे मोठं शहाणपणाचं काम आहे. आमच्याकडे सैनिक संमेलनात 'किसी को कोई तकलीफ?' असं विचारतात आणि सगळे गप्प बसतात.

यात घाणही होती, ती लपवत नाही. जपानी माणूस म्हणजे पुढे आलेले दात आणि जाड चष्मा. बाई म्हणजे एकतर हेर, नाहीतर मोह. ते बघून किती पोरांच्या मनात काय रुतलं, ते कोणी मोजलं नाही.

आता मुद्द्याचं. स्नॅफू बघून जवान सुधारले का? याचं उत्तर देताना मी आपल्या बाजूला येतो. मलेरिया घ्या. स्नॅफूच्या दोन भागांत शत्रू म्हणजे डास आहे. गायझेलने मन्रो लीफ या लेखकाबरोबर डासाच्या मादीवर एक पुस्तिकाही काढली होती. तेव्हा मलेरियावर ॲटाब्रिन, म्हणजे मेपाक्रिन, या पिवळ्या गोळ्या होत्या. त्या कडू. वर जवानांमध्ये अफवा अशी की त्याने पुरुषत्व जातं. मग कोण गिळतोय!

बर्मा आघाडीवर आपली चौदावी आर्मी होती. त्यातले बहुतेक जवान हिंदुस्थानी, मराठाही त्यात. तिचे सेनापती जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये एका जखमी माणसामागे १२० आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती. स्लिमने काय केलं? अचानक तपासण्या लावल्या. पलटणीतल्या जवानांच्या रक्तात मेपाक्रिन सापडतं का ते बघायचं, आणि प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली गेलं तर कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचं. तिघांना पाठवलं. चौथ्याची वेळ आली नाही. डासापेक्षा स्लिमची भीती मोठी ठरली आणि आजाऱ्यांचा आकडा उतरला.

म्हणजे एका बाजूला कार्टून, दुसऱ्या बाजूला तपासणी. पण अमेरिकन छावणीतसुद्धा कार्टून एकटं नव्हतं, ही गोष्ट आपण विसरतो. स्नॅफू कढईत पडला, पोरं पोट धरून हसली, दिवे लागले. आणि सकाळी फॉलिनला सार्जंट उभा होताच. आणि बघताना शेजारी साठ-सत्तर जण बसलेले. कोण कुठे हसला ते सगळ्यांना दिसायचं. एखादा भलत्या जागी हसला तर बाजूचा कोपर मारायचा. सिनेमा चार मिनिटांचा, शिकवणी चोवीस तासांची.

युद्ध संपलं, स्नॅफू निवृत्त झाला. पेन्शन नाही. मोठ्यांचं कार्टून मग टीव्हीवर गेलं.

३० सप्टेंबर १९६० ला अमेरिकेत 'फ्लिंटस्टोन्स' सुरू झालं. आपल्या मुलांनी ते १९९५ नंतर कार्टून नेटवर्कवर पोरांचं कार्टून म्हणून पाहिलं. पण मुळात ते रात्रीच्या वेळी, मोठ्यांसाठी होतं. सुरुवातीचा पुरस्कर्ता होती एक सिगारेट कंपनी, विन्स्टन. फ्रेड आणि बार्नी, ते गुहेतले दोन शेजारी, बायका काम करताना घरामागे लपून सिगारेट ओढतात अशी जाहिरात होती. खरंच होती. पोरं बघतायत हे ध्यानात आल्यावर पुढे सिगारेट गेली आणि द्राक्षाचा रस आला.

डिसेंबर १९८९ मध्ये 'सिम्पसन्स' आलं. त्यातला दहा वर्षांचा बार्ट अभ्यासात मागे आणि त्याचा त्याला अभिमान. तसं लिहिलेले टी-शर्ट १९९० मध्ये पोरं शाळेत घालून गेली आणि काही शाळांनी ते बंद केले. जानेवारी १९९२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश भाषणात म्हणाले की अमेरिकन कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्पसन्ससारखी कमी व्हायला हवीत. वॉल्टन्स म्हणजे मंदीच्या काळातल्या सोज्वळ कुटुंबाची जुनी मालिका. तीन दिवसांत सिम्पसन्सवाल्यांनी एक छोटा प्रसंग जोडून उत्तर दिलं. बार्ट म्हणतो, आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपायची प्रार्थना करतोय! देशात तेव्हा खरोखर मंदीचे दिवस होते. फौजेत याला जवाबी फायर म्हणतात, आणि तो नेमका लागला.

मग १९९३. एमटीव्हीवर 'बीव्हिस अँड बटहेड', दोन रिकामटेकडी पोरं, त्यातल्या एकाला आगीचं वेड. त्या ऑक्टोबरमध्ये ओहायो राज्यात एका पाच वर्षांच्या मुलाने घराला आग लावली आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. आईने या कार्यक्रमाला दोष दिला. दोष कुठे होता यावर वाद झाला, पण वाहिनीने कार्यक्रम रात्री उशिरा ढकलला आणि आगीचे उल्लेख काढले. सिनेटमध्ये सुनावणी झाली. तिथे हॉलिंग्ज नावाच्या सिनेटरना कार्यक्रमाचं नावही नीट घेता येईना. ते 'बफकोट अँड बीव्हर' म्हणाले. लोक हसले. मला मात्र ते हसू जड जातं. एक बाळ गेलेलं, आणि ज्यांनी न्याय करायचा त्यांनी ती गोष्ट पाहिलेलीच नाही. मीसुद्धा मोबाइल हिसकावला तेव्हा काहीच पाहिलेलं नव्हतं.

१९९६ च्या कायद्याने टीव्ही संचात पालकांसाठी एक चिप आली, १९९७ पासून कोपऱ्यात वयाची अक्षरं आली. त्याच ऑगस्टमध्ये 'साउथ पार्क' सुरू झालं, कोपऱ्यात सगळ्यात कडक अक्षरं घेऊन. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी अशीच अक्षरं आली आहेत, ७, १३, १६ आणि मोठ्यांसाठी 'ए'. दार आहे, कडी आहे. आतून पोरं आणि बाहेरून आपण, दोघांनाही ती लावायची सवय नाही.

'साउथ पार्क'चा एक किस्सा आजींच्या प्रश्नाला अगदी भिडतो. २००५ च्या एका भागात कार्टमन नावाचा मुलगा लाल केसांच्या मुलांविरुद्ध वर्गात भाषण ठोकतो, त्यांना आत्मा नसतो वगैरे. पुढे त्याच्यावरच डाव उलटतो. द्वेष किती मूर्ख असतो हे दाखवायचं होतं. पण नोव्हेंबर २००८ मध्ये कॅनडातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने फेसबुकवर 'लाल केसवाल्यांना लाथ मारण्याचा दिवस' जाहीर केला. हजारो पोरं त्यात सामील झाली, आणि काही शाळांत लाल केसांच्या मुलांना खरोखर लाथा बसल्या. पोलीस चौकशी झाली. त्या मुलाने माफी मागितली, तो विनोद होता म्हणाला.

त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, विडमार आणि रोकीच या दोन संशोधकांनी एक अभ्यास छापला होता. 'ऑल इन द फॅमिली' नावाच्या मालिकेत आर्ची बंकर नावाचा वर्णद्वेषी बाप होता. कार्टून नव्हे, जिवंत नट. लेखकांना वाटत होतं की लोक आर्चीला हसतील. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना आणि कॅनडातल्या मोठ्या माणसांना विचारल्यावर दिसलं ते वेगळं. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होता, त्यांना आर्चीच आपला वाटत होता. ते आर्चीला हसत नव्हते, आर्चीबरोबर हसत होते. एकच विनोद, एकाच खोलीत, दोन माणसं, दोन उलटे धडे.

हे मी वाचलं निवृत्तीनंतर. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. आता माझी गोष्ट.

मी कॅप्टन असताना आमचं युनिट उत्तरेकडे, १४,००० फुटांवर होतं. त्याच्या आदल्या वर्षी इथेच महूला कोर्स करताना एका जुन्या मासिकात मी स्नॅफूबद्दल वाचलं होतं. म्हटलं, आपणही करू. आमच्याकडे एक ऑपरेटर सुंदर चित्रं काढायचा. त्याला बसवून मोठ्या कागदांवर एक जवान काढून घेतला, सिपाही ढिल्लूराम. पट्टा ढिला, बुटाची नाडी सुटलेली, नाक लाल. एकेक कागद उलटायचा आणि एक हवालदार आवाज काढायचा, हेच आमचं ॲनिमेशन. ढिल्लू ओले मोजे बदलत नाही, ढिल्लू हातमोजा काढून खांबाला हात लावतो, ढिल्लूची बोटं काळी पडतात. लंगरमध्ये संध्याकाळी दाखवायचो. पोरं लोटपोट. कमांडिंग ऑफिसरांनी शाबासकी दिली. सूबेदार साहेब तेवढे म्हणाले, 'साब, हँसी तो ठीक है, पर नाम किसी पे चिपक न जाए.' मी ते कानामागे टाकलं.

नाव चिकटलं. लाइन पार्टीत एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, आपल्याच साताऱ्याकडचा. थोडा संथ, नाक खरंच लाल. आठवड्याभरात सगळं युनिट त्याला ढिल्लू म्हणू लागलं. तोही हसायचा. मीसुद्धा एकदा रोल कॉलला त्याला ढिल्लू म्हटलं, आणि केवढा हशा पिकला!

जानेवारीत बर्फात तुटलेली केबल जोडून त्याची पार्टी परत आली. त्याचे बूट आतून ओले होते. पायाची बोटं बधिर झालेली त्याला कळत होती. नियम साधा, लगेच सांगायचं, एमआय रूमला जायचं. तो गेला नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी पायांच्या तपासणीत सूबेदार साहेबांनी मोजे काढायला लावले. त्या तीन दिवसांत मी स्वतः एकदाही तपासणीला गेलो नव्हतो. ढिल्लूराम ते काम करतोय असं मला वाटत होतं.

हेलिकॉप्टरने खाली पाठवला. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी इस्पितळात भेटायला गेलो आणि विचारलं, का नाही सांगितलंस? चार्ट पाहिले होतेस ना? तो म्हणाला, 'पाहिले होते, साहेब. सगळं पाठ होतं. पण मी सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, ढिल्लूच आहे.'

थोडं थांबतो. पाणी पितो.

चार्टमधला प्रत्येक शब्द बरोबर होता. मी नंतर ते सगळे कागद उलटून पाहिले, एक चूक सापडली नाही.

तर नातवाकडे परत. मोबाइल त्याला परत दिला आणि म्हटलं, मला दाखव. पाच भाग पाहिले. दोन मला अजिबात कळले नाहीत, एक पाहून मी उठून जाणार होतो, आणि एकाला इतका हसलो की बायको बघायला आली. त्यात जिमी नावाचा एक मुलगा आहे. कुबड्या घेऊन चालतो, बोलताना अडखळतो आणि स्टेजवर उभा राहून लोकांना हसवतो. नातू म्हणाला, 'आजोबा, जिमी सगळ्यात भारी आहे. मी त्या दूधवाल्या दादाला चिडवत नव्हतो. मी त्याला जिमी केलं.'

त्याचं खरं होतं. मी पाहिलं तेव्हा मलाही जिमी आवडला. मी विचारलं, 'त्या दादाने हे पाहिलंय का?'

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'पण तो हसला ना!'

मी त्याला साताऱ्याच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशीच, दोन बोटांसकट. माझ्या मुलालाही ती ठाऊक नव्हती. नातवाने एकच विचारलं, की त्या जवानाचं खरं नाव काय होतं. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली तेव्हा तो माझ्या आधी पातेलं घेऊन दारात गेला. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, माझा डावा कान तोफखान्याच्या रेंजवर राहिलाय. दोघं बराच वेळ उभे होते. आत आल्यावर त्याने दुधाच्या वहीत दोन लिटर लिहिलं आणि वर, पानाच्या माथ्यावर, जिथे मी नुसतं 'दूध' लिहायचो, तिथे त्या मुलाचं नाव घातलं. तो मुलगा तीन वर्षं आमच्याकडे येतोय. मला ते माहीत नव्हतं.